मजुरीतली दारू आणि गर्भातले मूल

हा विषय या पानांवर मांडावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होते. गर्भारपणी बाईने दारू घेतली तर पोटातल्या मुलाच्या वाढीवर काय परिणाम होतो, एवढाच हा विषय. वैद्यकाच्या पुस्तकात तो निरुपद्रवी दिसतो. पण आपल्या वस्त्यांच्या संदर्भात तो बोलायला घेतला की दोन्ही बाजूंनी अडचण उभी राहते. बोलावे, तर 'हे लोक पितातच, म्हणून यांची पोरे अशी' असे म्हणायला टपून बसलेल्यांच्या हाती आपणच काठी दिल्यासारखे होते. गप्प बसावे, तर जे नुकसान टाळता येण्याजोगे आहे ते आपल्याच घरात मुकाट्याने होत राहते.

मागे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आमच्या विद्यार्थ्यांनी वीटभट्टीवरच्या मुलांची पाहणी केली. परत आल्यावर वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "मॅडम, तिथल्या काही बाया सांजच्याला थोडी घेतात. पोटुशी असली तरी घेतात. अंग दुखायचं थांबतं म्हणतात. त्यांना काय सांगायचं?" मला धड उत्तर देता आले नाही. ही हकिगत शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा एक सहकारी हसून म्हणाले, "अहो, त्यांच्या पोरांची बुद्धी मुळातच बेताची. त्याला दारू कशाला हवी?" त्या मुलीच्या प्रश्नाला आणि या सद्गृहस्थांच्या हसण्याला, दोहोंना उत्तर द्यायचे म्हणून हा लेख लिहीत आहे.

१

आधी शरीरात काय घडते ते पाहू.

बाई जे पिते ते तिच्या रक्तात उतरते आणि वारेतून बाळाच्या रक्तात जाते. वार पुष्कळ गोष्टी अडवते, दारू अडवीत नाही. थोड्याच वेळात बाळाच्या रक्तातले दारूचे प्रमाण आईच्या रक्तातल्या प्रमाणाच्या जवळपास येते. आईचे यकृत दारूचा निचरा करू शकते. बाळाचे यकृत अजून घडत असते, ते हे काम जवळजवळ करू शकत नाही. शिवाय बाळाच्या लघवीवाटे दारू गर्भजलात उतरते आणि तेच पाणी बाळ पुन्हा गिळते. म्हणजे आईची नशा उतरल्यावरही बाळाची सुटका लगेच होत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशी वाईट आणि विलायती चांगली, ताडी म्हणजे दारू नव्हे, वाइन तर द्राक्षाचा रसच, असे आपण ऐकतो. बाळाच्या दृष्टीने या साऱ्यांत एकच पदार्थ आहे, तो म्हणजे अल्कोहोल. हातभट्टीच्या दारूत आणखी विषे असू शकतात, हा वेगळा धोका. पण उंची बाटलीतली दारू गर्भाला ओळखून सोडून देत नाही.

गर्भाचा तिसरा-चौथा आठवडा हा चेहऱ्याचा आणि मेंदूचा पाया घातला जाण्याचा काळ. या काळात दारूमुळे काही पेशी मरतात, आणि त्यांच्यापासून जे घडायचे ते अपुरे राहते. १९८१ साली अमेरिकेतील कॅथलीन सुलिक यांनी उंदरांवरील प्रयोगात दाखवून दिले की या अगदी सुरुवातीच्या टप्प्यात दारू दिली तर पिलांच्या चेहऱ्यात तेच बदल दिसतात जे बाधित मुलांत दिसतात. या वेळी पुष्कळ बायकांना आपल्याला दिवस गेले आहेत हेही कळलेले नसते. पुढच्या काही आठवड्यांत हृदय, हाडे, मूत्रपिंडे, कान यांना बाधा होऊ शकते. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो झपाट्याने वाढतो. मेंदूच्या पेशींनी आपापल्या जागी जाणे, एकमेकींशी जोडले जाणे, या साऱ्यांत दारू विघ्न आणते. म्हणून मेंदूच्या दृष्टीने निर्धोक असा एकही महिना नाही. आणि याच कारणाने, ज्यात दारू थांबवून काही उपयोग नाही असाही एकही महिना नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

किती प्यायली तर चालते? याची सुरक्षित मर्यादा आजवर सापडलेली नाही. एका बैठकीत भरपूर पिणे सर्वांत घातक, एवढे नक्की. मात्र पिणाऱ्या प्रत्येक आईचे मूल बाधित होते असेही नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार गर्भारपणी पिणाऱ्या दर ६७ स्त्रियांमागे एका मुलात या विकाराचे पूर्ण स्वरूप दिसते; सौम्य स्वरूपाची मुले याहून पुष्कळ अधिक. कोणाचे मूल वाचते आणि कोणाचे नाही, हे दारूच्या प्रमाणावर आणि वेळेवर ठरते, आनुवंशिक घटकांवर ठरते, तसेच आईच्या पोटात अन्न किती आहे यावरही ठरते. या शेवटच्या कारणाकडे मी पुढे येणारच आहे.

२

या विकाराच्या पूर्ण स्वरूपाला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' म्हणतात. अशी मुले जन्मतः लहान असतात आणि लहानच राहतात. डोके लहान असते. डोळ्यांच्या फटी आखूड असतात, नाकाखालून वरच्या ओठावर उतरणारी पन्हळ सपाट झालेली असते आणि वरचा ओठ पातळ असतो. तान्हेपणी अंगावर नीट ओढत नाहीत, झोप धड नसते. बसणे, चालणे, बोलणे उशिरा येते.

पण बहुसंख्य बाधित मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. त्यांचा विकार शाळेत गेल्यावर उघडा पडतो. एका जागी लक्ष लागत नाही, काल शिकलेले आज आठवत नाही, गणित जमत नाही. एकामागोमाग तीन सूचना दिल्या तर पहिलीच ध्यानात राहते. असे केले तर पुढे काय होईल, याचा अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे त्याच चुकीबद्दल ते मूल पुन्हा पुन्हा मार खाते. मास्तर त्याला हट्टी म्हणतात, आळशी म्हणतात, दगड म्हणतात. आपल्या वस्तीतले असेल तर जातीवर जातात.

माझा थोरला भाऊ दुसरीच्या पुढे गेला नाही. पाठ केलेला पाढा सकाळी विसरायचा. आई नगरपालिकेत सफाईच्या कामाला होती. त्या कामाचा दर्प नाकातून जावा म्हणून संध्याकाळी तिथल्या बाया नवटाक घ्यायच्या, तीही घ्यायची. भावाचे असे होण्याला दारूच कारण होती असे मी म्हणत नाही. भुकेने मूल मागे पडते, तापाने पडते, शाळेतल्या माराने पडते. त्याला कोणी तपासलेच नाही, आणि आता ते कळण्याचा मार्गही नाही. माझ्या वेळी तिने पिणे सोडले होते का, हे मी तिला कधी विचारले नाही. विचारणे म्हणजे तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे झाले असते, आणि त्या पिंजऱ्यात पहिल्यांदा उभी राहायची पाळी तिची नाही.

३

आता सहकारी महाशयांच्या 'मुळातच' या शब्दाकडे वळू. हा शब्द फार जुना आहे आणि विज्ञानाच्या इतिहासातही त्याने भरपूर नुकसान केले आहे.

१८९९ साली इंग्लंडात विल्यम सुलिव्हन या तुरुंगाच्या डॉक्टरांनी लिव्हरपूलच्या कारागृहातील १२० व्यसनी स्त्रियांच्या ६०० मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले मृत जन्मली होती किंवा दोन वर्षांच्या आत दगावली होती. याच स्त्रियांच्या नात्यातल्या न पिणाऱ्या बायकांची मुलेही त्यांनी मोजली. त्यांच्यात हे प्रमाण सुमारे एकचतुर्थांश होते. घराणे तेच, परिस्थिती साधारण तीच, फरक दारूचा. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. काही स्त्रियांना गर्भारपणातच कैद झाली आणि दारू बंद पडली, तेव्हा त्याच आईच्या पोटी सुदृढ मूल जन्मले. दोष रक्तात असता तर असे झाले नसते.

हा पुरावा पुढे बाजूला पडला. गरीब माणसांची मुले दुबळी निघतात याला त्यांची पैदासच कारण, हा सिद्धान्त त्या काळच्या सुखवस्तू वर्गाला अधिक सोयीचा होता. दारूचा गर्भावरील परिणाम वैद्यकाने इतका विसरला की १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे अकाली प्रसूती थांबवण्यासाठी डॉक्टर गर्भवतीच्या शिरेतून अल्कोहोल देत असत. फ्रान्समध्ये नांत येथील पॉल लमोआन यांनी १९६८ साली मद्यपी आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. फ्रान्सबाहेर त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९७३ साली अमेरिकेत सिॲटल येथे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी आठ मुलांवरील निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये मांडली आणि विकाराला नाव दिले. ही आठ मुले एका वंशाची नव्हती. लमोआन यांची मुले तर फ्रेंच होती. २०१७च्या आणखी एका अंदाजानुसार या गटातील सर्व विकार मिळून जगात दर हजार मुलांमागे सुमारे ८ मुलांत आढळतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या विभागांपैकी सर्वाधिक प्रमाण युरोप विभागात, हजारी सुमारे २० आहे. तेव्हा 'मुळातच' म्हणणाऱ्यांनी नकाशा उघडून पाहावा.

४

तरीही एका देशाचा आकडा साऱ्यांहून वेगळा आहे. दक्षिण आफ्रिकेत हे प्रमाण हजारी सुमारे १११ आहे. त्यातही केप प्रांतातले द्राक्षमळ्यांचे तालुके पुढे. वेलिंग्टन या गावातील पहिलीच्या मुलांची १९९७ साली पाहणी झाली. तीत केवळ पूर्ण स्वरूपाच्या सिंड्रोमचे प्रमाण हजारी ४० ते ४६ निघाले. तोवर जगात कोठेही एवढे नोंदले गेले नव्हते. ही मुले बहुतेक 'कलर्ड' म्हणून वर्गवारी झालेल्या शेतमजुरांची होती.

असे का? याचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडत नाही, मजुरीच्या इतिहासात सापडते.

डच व्यापाऱ्यांनी १६५२ साली केपमध्ये वसाहत केली आणि १६५९ साली तिथे पहिली वाइन काढली. मळ्यांवर राबायला गुलाम होते आणि जमिनी हिरावलेले तिथले मूळचे खोई लोक होते. त्या गुलामांत बंगालमधून, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यांवरून जहाजात घालून नेलेली माणसेही होती, हे आपण लक्षात ठेवावे. मळेवाल्यांनी एक पद्धत पाडली. मजुराला दिवसातून अनेक वेळा मापाने वाइन पाजायची आणि ती त्याच्या मजुरीचा भाग धरायची. तिला 'डॉप' पद्धत म्हणतात. डॉप म्हणजे घोट. बाजारात न खपणारी हलकी वाइन अशी खपे, रोख मजुरी वाचे, आणि व्यसन लागलेला माणूस मळा सोडून जात नसे. एका मापात तीन कामे होत.

१८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, डॉप संपली नाही. १९६१ साली डॉपवर कायद्याने बंदी आली, तरी काही मळ्यांवर ती १९९०च्या दशकापर्यंत चालू असल्याचे आढळले. आणि माप थांबले तरी पिढ्यान्‌पिढ्या लावलेली सवय थांबली नाही. आठवडाभर राबायचे आणि शनिवार-रविवारी बेशुद्ध होईतो प्यायचे, हा रिवाज उरला. एका बैठकीत भरपूर पिणे सर्वांत घातक, हे वर सांगितलेच आहे.

तिथल्या पाहणीतून बाधित मुलांच्या मातांबद्दल जे कळले ते वाचताना मला आपल्या भट्टीवरच्या बाया दिसू लागल्या. त्या माता अधिक गरीब होत्या, कमी शिकलेल्या होत्या, अंगाने बारीक, अर्धपोटी होत्या. त्यांचे नवरे आणि घरातली इतर माणसे भरपूर पिणारी होती. तीच दारू धडधाकट, भरल्या पोटाच्या बाईच्या गर्भाला जेवढे मारते त्याहून उपाशी बाईच्या गर्भाला अधिक मारते. म्हणजे मळेवाल्याने दारू दिली एवढेच नव्हे, अन्नही कापले, आणि नफ्याची किंमत मजुराच्या मुलाच्या मेंदूतून वसूल झाली.

५

आपल्याकडे बायकांत पिण्याचे प्रमाण कमी आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे १.३ टक्के स्त्रिया आणि १८.८ टक्के पुरुष दारू पितात असे आढळले. म्हणून 'आपला हा प्रश्न नाही' असे म्हणता येईल काय? सरासरीत वस्ती दिसत नाही. जिथे काम सर्वांत घाण, सर्वांत जड आणि सर्वांत हलके मानलेले, तिथे बाईच्या हातीही पेला येतो. गटारीत उतरणाऱ्याला आधी बाटली देणारा मुकादम आपण पाहिला आहे. उचल देऊन मजूर बांधून ठेवणारा आणि आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी गुत्त्याची वाट दाखवणारा ठेकेदार पाहिला आहे. डॉप हा शब्द आपल्याकडे नाही, पण ती रीत अनोळखी आहे असे कोणी म्हणू नये. त्याच पाहणीत देशातील ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी निघाल्या. दारूला जी उपाशी कूस अधिक फावते ती आपल्याकडे भरपूर आहे.

दारूचा विचार आपल्या चळवळीला नवा नाही. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी १८८० साली दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. याच बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध होता. यात मला विसंगती दिसत नाही. पोलिसाच्या दंडुक्याने लादलेली बंदी वेगळी आणि माणसाने स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी केलेला निश्चय वेगळा.

हा फरक गर्भवतीच्या बाबतीत तर फारच जपला पाहिजे. अमेरिकेतील काही राज्यांत गर्भारपणी दारू घेणे हे बालछळाच्या कायद्याखाली आणले गेले. अशा धाकाने बाई दारू सोडत नाही, दवाखाना सोडते. आपल्याकडे तर तिला बोल लावायला नवरा, सासू, नर्स आणि मास्तर असे चौघे आधीच उभे आहेत.

६

तर त्या मुलीला आता मी काय सांगेन?

बाईला सांगावे की दिवस राहिल्याची शंका आली की दारू थांबव, थेंबही नको. आधी घेतली असेल तर घाबरू नकोस, आज थांबवलीस तर आजपासून बाळाचा फायदा आहे. जी बाई रोज भरपूर पिते, जिला न मिळाल्यास हात कापतात, तिने मात्र एकदम तोडू नये. झटके येऊ शकतात. तिला डॉक्टरकडे न्यावे आणि आपण सोबत जावे. बाळंतिणीला ऊब म्हणून ब्रँडी, बाळाला सर्दीवर ब्रँडीचा थेंब, ही रीतही सोडावी. अंगावरच्या दुधातूनही दारू उतरते. अंगदुखीवर तिला दारू लागते, कारण सातव्या महिन्यातही ती विटा उचलते. तेव्हा दारू सोड म्हणताना विटा कोण उचलणार, याचे उत्तर आपल्यापाशी हवे.

नवऱ्याला सांगावे, आणि हे पुरुष कार्यकर्त्यांनी सांगावे, की घरात बाटली येत राहिली तर एकट्या बाईने सोडणे कठीण आहे. नऊ महिने तूही सोड.

शिक्षकाला सांगावे की विसरणारे मूल मुद्दाम विसरत नाही. हा विकार बरा होत नाही, पण म्हणून काही करता येत नाही असे नाही. १९९६ साली अमेरिकेत ॲन स्ट्राइसगुथ यांनी अशा ४१५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बारा वर्षांवरच्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांचे शिक्षण विस्कटले होते आणि तेवढेच कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. पण ज्यांचे निदान लहानपणी झाले आणि ज्यांना स्थिर, मायेचे घर मिळाले, त्यांच्यावर ही पाळी पुष्कळ कमी आली. एका वेळी एकच सूचना, तीच गोष्ट रोज त्याच क्रमाने, तोंडी सांगण्याऐवजी करून दाखवणे, एवढ्यानेही फरक पडतो. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते. वाढ मागे पडलेले मूल दिसले तर त्या तपासणीपुढे न्यावे आणि पाठपुरावा करावा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगता आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत.

आणि शासनाला विचारावे. दारूच्या बाटलीवर २०१९पासून जो इशारा छापतात त्यात आरोग्य आहे, गाडी चालवणे आहे, गर्भारपण नाही. अमेरिकेत १९८९पासून ते आहे. ज्या उत्पादन शुल्कावर तिजोरी भरते त्यातला वाटा या मुलांच्या तपासणीवर का खर्च होऊ नये?

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिचा भार सरकारने व मालकाने उचलावा. १९२९ साली कायदा झाला. २०१७ साली ही रजा २६ आठवड्यांची झाली. पण वीटभट्टीवरची, उसाच्या फडातली, कचऱ्याच्या गाडीमागची बाई अजून तिच्याबाहेर आहे. गर्भातल्या मुलाला दारूपासून वाचवायचे तर आईला माहिती द्यावी लागेल, हे खरेच. पण त्याबरोबर तिला अन्न, मजुरी आणि विश्रांतीही द्यावी लागेल. नुसती माहिती देऊन बाकीचे हातचे राखणाऱ्यांनी आमच्या आयांना दोष देऊ नये. आणि आपणही, तो दोष येईल या भीतीने, ही माहिती आपल्या बायांपासून लपवू नये.